यादवीनंतरची कथा : स्कॉटलंडांतील कॉव्हेनंटर व त्यांचे तीन कादंबरीकार

जुन्या कागदांचा संग्रह करणारास एक अनुभव वारंवार येतो. घरच्या घरांत झालेल्या लढाईसंबंधीं एखादें पत्र हातीं आलें, म्हणजे त्यांत स्थळ सांपडतें, मिती सांपडते, पडलेल्यांचीं नांवें सांपडतात. परंतु दोष कोणाचा हें त्यावरून ठरवूं गेलें, कीं पत्र लिहिणारा कोणत्या बाजूचा होता ह्याचाच शोध प्रथम करावा लागतो. इ. स. १७०७ त शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आल्यावर त्यांच्या व ताराबाईच्या पक्षांत जी यादवी माजली, तिच्यासंबंधीं मागाहून लिहिलेल्या कैफियती ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांस हें विस्तारानें सांगावयास नको. परचक्राचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें. यादवीचा इतिहास लिहिणें कठीण. आणि यादवीनंतरच्या काळावर कादंबरी लिहिणें त्याहून कठीण. कारण, परकी शत्रु निघून जातो, परंतु यादवींतील दोन्ही पक्षांचे वंशज एकाच गांवांत नांदत असतात व एकाच पुस्तकांत आपापल्या पूर्वजांस शोधीत असतात.

प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा विचार एका परदेशीय उदाहरणावरून करावयाचा आहे. स्कॉटलंडांतील कॉव्हेनंटर नांवाच्या ख्रिस्ती पंथीयांचा सतराव्या शतकांत जो छळ झाला, त्यावर इ. स. १८१६ ते १८२३ ह्या सात वर्षांत तीन कादंबऱ्या निघाल्या व त्यांपैकीं पहिलीवरून मोठा वाद झाला. तो वाद कादंबरीपेक्षां पुराव्याचाच अधिक होता, म्हणून संशोधकांच्या उपयोगाचा आहे.

एक गोष्ट प्रथमच कबूल केलेली बरी. मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. क्वचित् इतिहासाचे तासहि माझ्याकडे येत. धर्मासाठीं प्राण देणाऱ्या माणसाचें उदाहरण म्हणून जॉन ब्राउन नांवाच्या एका स्कॉच ओझेवाल्याची हकीकत मी मुलांस सांगत असें, आणि क्लेव्हरहाउस ह्या सेनाधिकाऱ्यानें त्यास स्वहस्तें गोळी घातली, हें वाक्य तर मोठ्या आवेशानें म्हणत असें. तें मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकांत वाचलें होतें. पुष्कळ वर्षांनीं त्याच प्रसंगाचे मूळ पुरावे एकापुढें एक ठेवून पाहण्याचा योग आला, तेव्हां आपण शेंकडों मुलांस जें निश्चित म्हणून सांगितलें तें तितकेंसें निश्चित नव्हतें, असें दिसून आलें. ती चूक आतां वर्गांत जाऊन दुरुस्त करतां येत नाहीं. येथें करतां आली तर पाहतों.

(१) पूर्वपीठिका

इ. स. १६३८ च्या फेब्रुवारीच्या २८ व्या तारखेस एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स देवळांत एका प्रतिज्ञापत्रावर सह्या होऊं लागल्या. राजा पहिला चार्ल्स ह्यानें इंग्लंडच्या धर्तीची उपासनापद्धति स्कॉटलंडावर लादण्याचा उपक्रम केला होता. त्यास विरोध करावा, व बिशपांवांचून उपदेशक आणि वडील मंडळी ह्यांच्या सभांनीं चालणारी प्रेस्बिटीरियन धर्मव्यवस्था राखावी, अशी ती चळवळ होती. ह्या पत्रास कॉव्हेनंट म्हणजे करार म्हणत, व त्यानें बांधलेल्या लोकांस कॉव्हेनंटर. त्यांतून प्रथम राजाशीं लढाया झाल्या. १६४३ त इंग्लंडच्या पार्लमेंटाशीं दुसरा करार झाला. नंतर स्कॉटलंडांतच माँट्रोज हा सरदार राजपक्षाकडून उठला व १६४५ त फिलिपहॉ येथें मोडला. १६४९ त चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर कॉव्हेनंटरांनींच त्याच्या मुलाचा पक्ष घेतला, १६५१ च्या आरंभीं स्कोन येथें त्यास राज्याभिषेक केला, आणि त्यापायीं डनबार (१६५०) व वूस्टर (१६५१) येथें क्रॉमवेलच्या हातून स्कॉच फौजांचा धुव्वा उडाला. यादवीचा रणांगणावरील शेवट तो हाच.

खरी कथा पुढें सुरू होते. ज्या दुसऱ्या चार्ल्सला कॉव्हेनंटरांनीं मुगुट घातला, तो १६६० त परत येऊन गादीवर बसतांच त्यांच्यावर उलटला. आरगाइलचा मार्क्विस, ज्यानें स्कोन येथें त्याच्या मस्तकीं मुगुट ठेविला होता, तो १६६१ च्या मे महिन्यांत वधस्तंभावर गेला. १६६२ त बिशपांची पुनः स्थापना झाली व तीनशेंच्या सुमारास उपदेशकांस आपलीं देवळें सोडावीं लागलीं. लोक त्यांच्यामागून माळरानांत जमूं लागले. अशा सभांस सरकारनें बंडाचें स्वरूप दिलें. १६६६ त रलियन ग्रीन येथें एक उठाव मोडला. १६७९ च्या मे महिन्याच्या ३ ऱ्या तारखेस सेंट अँड्र्यूजनजीक मॅगस मूर येथें कांहीं कॉव्हेनंटरांनीं आर्चबिशप शार्प ह्यास गाडींतून ओढून ठार मारलें. त्यानंतर १ जून रोजीं ड्रमक्लॉग येथें त्यांनीं क्लेव्हरहाउसचा पराभव केला, व तीनच आठवड्यांनीं, २२ जून रोजीं, बॉथवेल ब्रिज येथें मन्मथच्या सैन्यापुढें त्यांचा स्वतःचा नाश झाला. पकडलेले सुमारें बाराशें लोक ग्रेफ्रायर्सच्याच आवारांत उघड्यावर कोंडले गेले. म्हणजे जेथें प्रतिज्ञेवर सही झाली, तेथेंच तिची शिक्षा भोगणें आलें. त्यांपैकीं अडीचशेंवर कैदी वसाहतींकडे हांकलून नेणारें जहाज त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ऑर्कनी बेटांपाशीं फुटलें व सुमारें दोनशें माणसें बुडालीं.

१६८४ व १६८५ हीं वर्षें तेथील लोकांच्या तोंडीं हत्याकाल ह्याच नांवानें राहिलीं. अखेर १६८८ च्या राज्यक्रांतीनें हें प्रकरण संपलें. १६८९ च्या जुलै महिन्यांत किलिक्रँकी येथें जय मिळवीत असतांच क्लेव्हरहाउस पडला, व १६९० त प्रेस्बिटीरियन धर्मव्यवस्था कायद्यानें स्थिर झाली. त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं पहिली कादंबरी निघाली.

(२) स्कॉटची कादंबरी

१८१६ च्या डिसेंबरांत “टेल्स ऑफ माय लँडलॉर्ड” ह्या नांवाचा चार भागांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यावर कर्त्याचें नांव नव्हतें. गँडरक्लू ह्या कल्पित गांवच्या जेडेडाया क्लीशबॉथम नामक शाळामास्तरानें आपल्या मयत सहायक शिक्षकाचे कागद छापले, असा बहाणा केला होता. जुने कागद व शाळामास्तर ह्यांची ही सांगड वाचून माझ्यासारख्यास हंसूं येतें. ह्या ग्रंथांतील मुख्य कथा “ओल्ड मोर्टॅलिटी”. आणि खरा कर्ता सर वॉल्टर स्कॉट, ज्यानें आपलें कर्तृत्व १८२७ पर्यंत उघडपणें मान्य केलें नाहीं.

कादंबरीचें नांव एका खऱ्या मनुष्याच्या टोपणनांवावरून घेतलें आहे. रॉबर्ट पॅटर्सन हा पाथरवट घरदार सोडून वर्षानुवर्षें एका तट्टावरून हिंडे, व रानांतील, माळावरील, देवळांच्या आवारांतील कॉव्हेनंटरांच्या थडग्यांवरचें शेवाळ खरवडून झिजलेलीं अक्षरें टांकीनें पुनः उठवी. मजुरी तो घेत नसे. स्कॉटनें तरुणपणीं त्यास डनॉटर येथील थडग्यावर काम करीत असतां पाहिलें होतें. ह्याच डनॉटरच्या किल्ल्यांत १६८५ त दीडशेंहून अधिक कॉव्हेनंटर स्त्रीपुरुष एका तळघरांत कोंडले होते. पॅटर्सन १८०१ त वारला. जन्मभर दुसऱ्यांच्या शिळा जपणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या थडग्यावर १८६९ पर्यंत शिळा नव्हती. ती स्कॉटच्या ग्रंथांच्या प्रकाशकांनीं उभी केली.

कथानक थोडक्यांत असें. हेन्री मॉर्टन हा एका कॉव्हेनंटर योद्ध्याचा मुलगा, स्वभावानें मवाळ. शार्पच्या मारेकऱ्यांपैकीं बर्ली हा बापाचा जुना स्नेही म्हणून तो त्यास एक रात्र आसरा देतो, व त्यामुळें सरकारच्या कैदेंत पडतो. ड्रमक्लॉगनंतर तो बंडवाल्यांस मिळतो, परंतु त्यांचा अतिरेक त्यास सोसत नाहीं. बॉथवेल ब्रिजच्या पराभवानंतर हद्दपार होऊन राज्यक्रांतीनंतर परत येतो. एका प्रसंगीं पळून आलेले कडवे लोक मॉर्टनला पकडतात व त्यास मारण्याचें ठरवितात. परंतु तो दिवस रविवारचा असल्यामुळें पवित्र वार संपेपर्यंत घड्याळाकडे पाहत बसतात. एक वेडा उपदेशक कांटा पुढें सरकविण्यास धांवतो, इतक्यांत क्लेव्हरहाउस येऊन मॉर्टनला सोडवितो. उलट बाजूस, तरुण उपदेशक मॅकब्रायर ह्यास सरकारी मंडळापुढें पायांत यंत्र घालून छळतात व तो निर्भयपणें मरणास जातो, तोहि प्रसंग स्कॉटनेंच रंगविला आहे. आपण व बर्ली दोघेहि कडवेच, हें तो क्लेव्हरहाउसच्याच तोंडून वदवितो; मात्र आपला कडवेपणा मानाचा व त्यांचा अंधश्रद्धेचा, असा भेदहि त्यास करूं देतो.

(३) मॅक्रीचा आक्षेप

ह्या ग्रंथावर १८१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत “एडिंबरो ख्रिश्चन इन्स्ट्रक्टर” ह्या मासिकांत एक प्रचंड टीका आली. टीकाकार टॉमस मॅक्री हा स्वतः प्रेस्बिटीरियन उपदेशक असून जॉन नॉक्सच्या चरित्राचा कर्ता होता व मूळ कागदांवरून लिहिण्याविषयीं त्याची ख्याति होती. त्याच्या आक्षेपांचें सार तीन कलमांत सांगतां येईल. पहिलें, छळ करणारांचें क्रौर्य सौम्य करून दाखविलें आहे व क्लेव्हरहाउसला नसती शोभा आणिली आहे. दुसरें, छळ सोसणारे लोक बहुतेक वेडगळ अथवा रक्तपिपासु रंगविले असून त्यांच्या तोंडचीं बायबलांतील वाक्यें हास्यास विषय केलीं आहेत. तिसरें, तपशिलाच्या चुका आहेत. उदाहरणार्थ, त्या काळच्या स्कॉटलंडांतील बिशपपंथी देवळांत इंग्लंडचा प्रार्थनाग्रंथ सामान्यतः वाचला जात नसतां तो वाचला जात असल्याचें दाखविलें आहे. हें शेवटचें कलम लहान दिसतें, पण महत्त्वाचें आहे. ज्या धर्तीच्या प्रार्थनाग्रंथासाठीं १६३८ ची चळवळ उठली, तसलाच जर नंतरच्या काळीं सुखानें वाचला जात होता असें म्हटलें, तर भांडणाचें मूळच वाचकाच्या डोळ्यांआड होतें.

स्कॉटनें ह्यास दिलेलें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. लंडनच्या “क्वार्टर्ली रिव्ह्यू” ह्या त्रैमासिकांत “टेल्स ऑफ माय लँडलॉर्ड” वर एक विस्तृत परीक्षण आलें; त्यांत कादंबरीचे कांहीं दोष कबूल करून तिच्या ऐतिहासिक सत्यतेचें समर्थन केलें होतें. हें निनांवी परीक्षण बहुतांशीं स्कॉटनें स्वतःच, विल्यम अर्स्किन ह्या मित्राच्या साह्यानें, लिहिलें होतें. पुढें तें त्याच्या गद्यसंग्रहांतहि छापलें गेलें. वादी, प्रतिवादी व न्यायाधीश ह्यांपैकीं दोन भूमिका एकानेंच केल्या. ह्यांत गंमत आहे, पण धडाहि आहे : निनांवी लेख हातीं आला असतां लिहिणाराचा हितसंबंध शोधल्यावांचून त्यास तटस्थ साक्षी मानूं नये.

त्याच १८१७ सालीं जेम्स कर्कटन ह्या कॉव्हेनंटर उपदेशकाचा इतिहास, जो तोंवर हस्तलिखितांतच फिरत होता, चार्ल्स कर्कपॅट्रिक शार्प ह्यानें छापला. शार्प हा विरुद्ध पक्षाचा कट्टा अभिमानी. त्यानें मूळ संहिता छापिली, परंतु टीपांतून कर्त्याचा उपहास केला. तसेंच आर्चबिशपाच्या वधांत सामील असलेल्या जेम्स रसेलची हकीकत त्यास जोडली. संपादकाचें मत कांहीं असो, कागद जसाच्या तसा छापला म्हणजे तो संपादकाच्याहि पलीकडे टिकतो. आज त्या टीपा कोणी विश्वासानें वाचीत नाहीं. कर्कटन मात्र वाचतात.

(४) हॉग व गॉल्ट

वादास तोंड फुटल्यावर दोन ग्रंथकारांनीं कादंबरीस कादंबरीनेंच उत्तर दिलें. पहिला जेम्स हॉग. हा एट्रिकच्या खोऱ्यांतील मेंढपाळ, फार थोडी शाळा शिकलेला, परंतु लोककथांच्या घरांत वाढलेला. “ब्राउनी ऑफ बॉड्सबेक” ही त्याची कथा १८१८ त निघाली. आपण ती स्कॉटच्या ग्रंथापूर्वींच लिहिली होती, असें तो म्हणे. बॉथवेल ब्रिजहून पळालेले लोक डोंगरांत लपले आहेत. वॉल्टर लेडलॉ नांवाच्या शेतकऱ्याच्या शेतांत रात्रींतून कामें आपोआप उरकलेलीं दिसतात. लोक म्हणतात, हें ब्राउनी नांवाच्या भुताचें कृत्य. वास्तविक तीं कामें लपलेल्या माणसांचीं, व त्यांस अन्न पोंचविणारी त्या शेतकऱ्याचीच मुलगी. येथें मोठे सेनापति नाहींत, धर्मसभांतील वाद नाहींत. ज्यास पंथाचा अभिमान नाहीं असा साधा कुणबीहि दारांत आलेल्या उपाशी माणसास हांकलीत नाहीं, एवढेंच सांगणें आहे. हें चित्र एकांगी आहे असें स्कॉट म्हणाल्याचें, व आपल्या खोऱ्यांत लहानपणापासून हेंच ऐकत आलों असें आपण उत्तर दिल्याचें, हॉगनें लिहून ठेविलें आहे.

दुसरा जॉन गॉल्ट. हा एअरशायरचा, म्हणजे कॉव्हेनंटरांच्याच मुलुखांतला. त्याची “रिंगन गिल्हेझ” ही कादंबरी १८२३ त तीन भागांत आली. स्कॉटनें आपल्या पूर्वजांस हलकेपणानें वागविलें ह्या समजुतीनेंच आपण ती लिहिली, असें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. ती सर्व प्रथमपुरुषीं आहे. रिंगन आपल्या आजाच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेपासून, हकीकत सांगूं लागतो. पुढें त्याचें कुटुंब सरकारी शिपायांच्या हातून नाश पावतें, आणि अखेरीस किलिक्रँकीच्या रणांत तोच क्लेव्हरहाउसवर गोळी झाडतो. गॉल्टची खुबी अशी कीं, आरंभीं समंजस असलेला हा गृहस्थ दुःखाच्या भारानें हळूहळू कसा कडवा होत जातो, हें वाचकास त्याच्याच शब्दांतून कळतें, त्यास स्वतःस मात्र कळत नाहीं. स्कॉटनें कडवेपणा बाहेरून पाहिला. गॉल्टनें तो आंतून दाखविला. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें इ. स. १३२० च्या आर्ब्रोथ येथील जाहीरनाम्याचें भाषांतर जोडलें आहे. राजानें करार मोडला असतां प्रजेस हक्क उरतो, हें मत आजकालचें नव्हे, असें त्यास सुचवावयाचें होतें.

(५) प्रीस्टहिल येथील प्रसंगाचे पुरावे

आतां ज्या प्रसंगाविषयीं मीं आरंभीं कबुली दिली त्याकडे वळूं. १६८५ च्या मे महिन्याच्या १ ल्या तारखेस म्यूरकर्कजवळील प्रीस्टहिल येथें जॉन ब्राउन ह्यास त्याच्या घरापाशीं बायकोमुलांदेखत गोळ्या घालण्यांत आल्या. ह्याचे चार पुरावे आहेत.

पहिला, क्लेव्हरहाउसचें स्वतःचें पत्र, तारीख ३ मे १६८५, क्वीन्सबेरी ह्या मंत्र्यास लिहिलेलें. त्यांत तो म्हणतो कीं, ब्राउननें विहित शपथ घेण्याचें नाकारलें, राजाविरुद्ध शस्त्र धरणार नाहीं असेंहि म्हणेना, घरांत गोळ्या व राजद्रोही कागद सांपडले, म्हणून आपण त्यास गोळी घालविली. आणि त्यानें तें मरण अगदीं निर्विकारपणें सोसलें. दुसरा, थडग्यावरील शिळालेख, जो १७१४ त छापलेल्या “क्लाउड ऑफ विटनेसेस” ह्या संग्रहाच्या द्वारें प्रसिद्ध आहे. त्यांत हत्येचा दोष क्लेव्हरहाउस व त्याची टोळी ह्यांस मिळून दिला आहे. तिसरा, रॉबर्ट वॉड्रो ह्याचा इतिहास (१७२१–२२). वॉड्रो बॉथवेल ब्रिजच्याच वर्षीं जन्मला. त्यानें देशभर पत्रें पाठवून हकीकती गोळा केल्या, व त्याचा तो अफाट संग्रह एडिंबरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तो लिहितो कीं, ब्राउनची प्रार्थना ऐकून शिपायांचे हात चालेनात, तेव्हां क्लेव्हरहाउसनें स्वतःच गोळी घातली. चौथा, पॅट्रिक वॉकर. हा फेरीवाला लेखक लहानपणीं स्वतः ह्या छळांतून गेलेला. ब्राउनची विधवा इझाबेल वीअर हिनें पतीच्या थडग्यावरच बसून आपणास ही हकीकत सांगितली, असें तो लिहितो. आणि तिच्या सांगण्याप्रमाणें सहा शिपायांनीं गोळ्या झाडल्या.

ह्यांतील मौज पाहण्यासारखी आहे. “स्वहस्तें” ही गोष्ट केवळ वॉड्रोपाशीं आहे, व तो प्रत्यक्षदर्शी नव्हता. प्रत्यक्षदर्शी दोन : मारणारा व विधवा. दोघांचें वैर ह्याहून मोठें असूं शकत नाहीं, तथापि शिपायांनीं हुकुमानें मारलें ह्याविषयीं त्यांच्यांत विरोध नाहीं. शिळालेखहि कोणाच्या हातचा नेम होता तें सांगत नाहीं. परस्परविरुद्ध पक्षांचें जेथें ऐकमत्य होतें तें प्रमाण बलवत्तर, हा न्याय आपल्याकडील व्यवहारांतहि मान्य आहे. तेव्हां मीं मुलांस सांगितलेलें वाक्य सोडून दिलें पाहिजे.

परंतु एवढ्यावरून क्लेव्हरहाउस निर्दोष ठरतो काय? नाहीं; आणि येथेंच त्याच्या कैवाऱ्यांची घाई होते. त्याचें पत्र क्वीन्सबेरीच्या घराण्याच्या दप्तरांत होतें; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मार्क नेपियर ह्यानें तो पत्रव्यवहार घेऊन क्लेव्हरहाउसचें मोठें चरित्र लिहिलें (१८५९–६२) व वॉड्रोस खोटा ठरविण्याची शिकस्त केली. पण पत्र नीट वाचलें म्हणजे काय दिसतें? चौकशी नाहीं, पंच नाहींत, अपील नाहीं. शपथ नाकारली एवढ्यावरून दारांत मृत्यु. १६८४ च्या अखेरीस सरकारनें तशी आज्ञाच काढिली होती, म्हणून हें कृत्य कायद्यास धरून होतें. आणि भयंकर गोष्ट ती हीच आहे. वॉड्रोच्या हकीकतींत एक क्रूर मनुष्य दिसतो. पत्रांत एक आज्ञाधारक मनुष्य व त्यामागें क्रूर कायदा दिसतो. शिवाय मरणाऱ्याच्या धैर्याची साक्ष त्याच्या भक्तांनीं दिली असती तर ती अतिशयोक्ति म्हणतां आली असती; ती मारणारानेंच दिली आहे. ब्राउनच्या कीर्तीस ह्या पत्रानें बाध आला नाहीं, उलट तिला पक्का आधार मिळाला. मॅक्रीस हें पत्र ठाऊक असतें, तर त्यास ह्याहून उत्तम शस्त्र मिळालें नसतें.

(६) उपसंहार

कादंबरीकारावर इतिहासाचा अंमल किती? आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतांत सांगितलें आहे कीं, घडलेलें वृत्त सांगणें हें इतिहासाचें काम, कवीचें नव्हे. रसास प्रतिकूल असा भाग कवीनें खुशाल सोडावा व अनुकूल तो कल्पावा. ह्या न्यायानें स्कॉट सुटतो काय? मला वाटतें, अर्धाच सुटतो. मॉर्टन कल्पित आहे, तेथें तो मुखत्यार. परंतु ज्यांचीं थडगीं अद्याप माळावर आहेत व ज्यांचे वंशज तीं पाहण्यास जातात, त्यांच्यासंबंधीं औचित्याचा नियम अधिक कडक असावयास पाहिजे. दुसऱ्या बाजूस कल्हण आहे. त्याचा बाप हर्षराजाच्या पदरीं होता; तें राज्य यादवींत बुडालें, आणि त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं कल्हणानें राजतरंगिणी लिहिली. इतिहास सांगणारानें न्यायाधीशाप्रमाणें रागद्वेष टाकून बोलावें, असें तो आरंभींच म्हणतो. यादवीच्या राखेंत वाढलेल्या माणसानें हें म्हटलें, म्हणून त्यास वजन आहे.

मॅक्रीचा राग मला खरा वाटतो, व त्याचे तपशिलाचे आक्षेपहि पुष्कळ अंशीं खरे वाटतात. तरीहि स्कॉटचें एक श्रेय नाकारतां येत नाहीं. त्यानें कादंबरी लिहिली नसती, तर हॉगनें व गॉल्टनें आपल्या घरच्या आठवणी ह्या स्वरूपांत लिहिल्या असत्या कीं नाहीं ह्याची शंका आहे; वॉड्रोचा ग्रंथ १८२८ पासून चार भागांत पुनः छापला गेला, त्यासहि ह्या जागृतीचें साह्य झालें असावें. मात्र कादंबरी ही घडलेल्या गोष्टीचा पुरावा नव्हे. ती घडलेल्या गोष्टीच्या स्मरणाचा पुरावा आहे. १८१६ त १६७९ चें काय आठवत होतें, कोणास आठवत होतें, व तें आठवतांना कोणाचें मन कोठें दुखत होतें, हें ह्या तीन ग्रंथांवरून जितकें कळतें तितकें दप्तरांवरून कळत नाहीं. आपल्याकडे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या “मोचनगडा” पासून (१८७१) जी ऐतिहासिक कादंबऱ्यांची परंपरा चालली, तीहि ह्याच दृष्टीनें वाचावी असें वाटतें.

ह्या इतिहासाचा आपल्याशीं एक धागा आहे. मराठ्यांचा इतिहास १८२६ त छापणारा ग्रँट डफ हा स्कॉच. मुंबईंत १८२९ त येऊन शाळा काढणारे डॉ. जॉन विल्सन हेहि स्कॉच. इंग्लंडांत त्याच राजवटींत धर्मोपदेशासाठीं बारा वर्षें तुरुंगांत राहिलेल्या जॉन बन्यनचें रूपक तर हरि केशवजींनीं १८४१ त “यात्रिकक्रमण” ह्या नांवानें मराठींत आणिलें. ह्या ग्रंथांमागें केवढी यादवी होती, ह्याची जाणीव ते वाचतांना आपणांस क्वचितच झाली.

शेवटीं पाथरवट पॅटर्सनकडे येतों. त्याच्याविषयीं आदर बाळगूनहि संशोधकानें एक लक्षांत ठेविलें पाहिजे : पुनः कोरलेलें अक्षर हें मूळ अक्षर नव्हे. टांकी धरणाराची भक्ति कितीहि शुद्ध असली, तरी झिजलेल्या जागीं त्यानें काय वाचलें ह्यावर सर्व अवलंबून राहतें. वॉड्रोनेंहि तेंच केलें, मीहि वर्गांत तेंच केलें. म्हणून संग्राहक बंधूंस एवढीच विनंति कीं, आपल्या घराण्याचे अथवा पक्षाचे कागद जपतांना प्रतिपक्षाचा एखादा कागद त्यांत निघाला तर तो बाजूस टाकूं नये. प्रीस्टहिलच्या ओझेवाल्याची सर्वांत विश्वसनीय साक्ष त्याच्या मारेकऱ्याच्या पत्रांत निघाली, व तें पत्र एका मंत्र्याच्या घरीं कोणी तरी फाडलें नाहीं म्हणून ती आपल्यापर्यंत आली.